पेडणे महालातून ऐतिहासिक कादंबरीकडे पाहताना

शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या पेडणे महालाच्या पश्चिम टोकाला, जिथे माडांच्या राया संपून समुद्राची वाळू सुरू होते, तिथे मांद्रे हा गाव आहे. आणि या गावातील, किंवा शेजारच्या हरमल, मोरजी, कोरगाव यांपैकी कोणत्याही गावातील मराठी वाचणाऱ्या घराचे फडताळ उघडले, तर पोथ्या आणि पंचांगे यांच्या शेजारी ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ किंवा ‘पानिपत’ यांपैकी एखादे तरी पुस्तक, बहुधा पुठ्ठा निखळलेले आणि पुष्कळ हातांतून फिरलेले, सापडल्यावाचून राहत नाही. नवकाव्याला किंवा नवकथेला या मुलखात जो वाचक लाभला नाही तो ऐतिहासिक कादंबरीला लाभला, आणि त्यामागे केवळ कथेची आवड होती असे म्हणता येणार नाही. पोर्तुगीज अमलात सरकारी शाळेतल्या मुलाला जो इतिहास घोकावा लागे त्यात लिस्बनच्या राजांची वंशावळ आणि वास्को द गामाची सफर होती. शिवछत्रपती, संभाजीराजे, थोरले बाजीराव ही नावे त्याच्या कानी पडत ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून, कीर्तनातून, जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात उभ्या राहिलेल्या नाटकातून, आणि सीमेपलीकडच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याहून आलेल्या पुस्तकांतून. अशा स्थितीत ऐतिहासिक कादंबरी हाती पडली म्हणजे पूर्वजांशी असलेल्या आपल्या नात्याची सनदच हाती आली अशा भावनेने येथील वाचकाने ती वाचली. त्या भावनेविषयी मला पूर्ण आदर आहे. तथापि ज्या भूमीवर बसून तो हे ग्रंथ वाचत होता ती भूमी त्या ग्रंथांत कितपत आली, हा प्रश्न आता विचारला पाहिजे असे मला वाटते, आणि मराठीतील जुन्या-नव्या ऐतिहासिक कादंबरीकारांचा हा परामर्श मी त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने घेणार आहे.

नकाशा पुढे ठेवून पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचा निर्देश केला जातो त्या ‘मोचनगड’चे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे जन्माने बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे, म्हणजे चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीस येणाऱ्या वाटेवरचे. ‘स्वामी’कार रणजित देसाई हे चंदगड तालुक्यातील कोवाडचे, ‘छावा’कार शिवाजी सावंत हे आजऱ्याचे, आणि त्यांनी देह ठेवला तोही २००२ साली गोव्यातच, ‘पानिपत’चे लेखक विश्वास पाटील हे कोल्हापूर जिल्ह्याच्याच शाहूवाडी तालुक्यातील नेर्ले गावचे, महाबळेश्वर सैल हे कारवारच्या बाजूला माजाळीचे. आणि तेरेखोलच्या पलीकडे, मांद्र्याहून दिवसाच्या पायपिटीवर असलेल्या शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत अध्यापन करणाऱ्या वि. स. खांडेकरांनी पुढे ‘ययाति’ लिहिली. ती पौराणिक असल्याने येथे केवळ नामनिर्देशापुरती घेतो. गोमंतकाच्या सीमेलगत आणि सह्याद्रीच्या माथ्यावर असा हा कादंबरीकारांचा जणू वेढाच पडला आहे. परंतु त्यांच्या बहुतेकांच्या नायकांचे घोडे रायगडाकडे, पुण्याकडे, दिल्लीकडे दौडत गेले, आणि घाटाच्या पायथ्याशी असलेला हा चिंचोळा मुलूख त्यांच्या टापांखाली क्वचितच आला.

या वाङ्मयप्रकाराची युरोपातील प्रतिष्ठापना सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेव्हर्ली’ या कादंबरीने केली, असे सर्वसाधारणपणे मानतात. स्कॉटलंडच्या डोंगरी टोळ्यांनी पदच्युत राजघराण्याच्या वारसासाठी १७४५ साली जे बंड केले आणि ज्याचा शेवट पुढील वर्षी कलोडनच्या माळावर झाला, ते बंड तिचा विषय. राजपुत्राला किंवा सेनापतीला स्कॉटने कथेच्या मध्यभागी बसवले नाही. तिथे त्याने एक सामान्य कुवतीचा, मनाने काहीसा दोलायमान असा तरुण इंग्रज अधिकारी आणला, जो दोन्ही बाजूंच्या छावण्यांत वावरतो आणि ज्याच्या डोळ्यांनी वाचकाला दोन्ही पक्षांतील माणसे माणसे म्हणून दिसू लागतात. थोर पुरुष कडेला आणि अनामिक मनुष्य मध्यभागी, ही ती रचना. हे मी थोडे विस्ताराने सांगितले, कारण मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीत या रचनेचा प्रथम स्वीकार, मग विस्मरण आणि अलीकडे पुनःस्वीकार झालेला दिसतो.

‘मोचनगड’ १८७१ साली पुस्तकरूपाने आली. गुंजीकर हे ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाच्या संस्थापकांपैकी एक, बहुभाषी आणि व्यासंगी. त्यांनी काळ घेतला शिवाजी महाराजांचा, पण किल्ला आणि त्यावरील कथानक कल्पनेने उभे केले. हरि नारायण आपटे यांनी प्रारंभ केला तो मेडोज टेलर या निजामशाहीत चाकरी केलेल्या इंग्रज ग्रंथकाराच्या टिपू सुलतानावरील कादंबरीचा आधार घेऊन, ‘म्हैसूरचा वाघ’ या कृतीने. परंतु ‘उषःकाल’पर्यंत येता येता ते स्वतंत्र झाले, आणि स्कॉटची ती रचना त्यांनी इतकी आत्मसात केली की विजापूर दरबाराशी इमान राखणारा किल्लेदार बाप आणि स्वराज्याच्या उद्योगाकडे ओढला जाणारा त्याचा तरुण पुत्र यांच्या द्वंद्वातून सारा युगसंधी वाचकाच्या प्रत्ययास येतो, आणि प्रत्यक्ष शिवाजीराजे मात्र कथेत मोजकेच वावरतात. इमान म्हणजे काय, ते कोणाशी राखावयाचे, आणि पिढी बदलली की इमानाचे धनी का बदलतात, हा प्रश्न आपट्यांनी ज्या गांभीर्याने हाताळला तसा तो पुढे फार थोड्यांनी हाताळला. विजयनगरच्या अस्तावरील ‘वज्राघात’मध्ये तर त्यांनी मराठी राज्याची सीमाही ओलांडली. त्यांच्यानंतर चिं. वि. वैद्यांची ‘दुर्दैवी रंगू’, शिकारीच्या प्रसंगी सिंहगडावरून पडून अपंग झाल्यावर लेखनास वाहून घेतलेल्या नाथमाधवांची स्वराज्यमाला, वि. वा. हडपांची पेशवाईवरील मालिका, अशी रांग लागली. ती वाचून एका पिढीचे मन घडले, हे तिचे श्रेय, आणि त्याहून अधिक श्रेय तिला देता येईल असे मला वाटत नाही.

पालट झाला तो १९६२ मध्ये. गोवा मुक्त होऊन वर्षही झाले नव्हते अशा त्या साली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ प्रसिद्ध झाली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ऐतिहासिक कादंबरी म्हणजे एका थोर पुरुषाचे भावचरित्र हे समीकरण मराठीत रूढ झाले. क्षयाने पोखरलेला तरुण माधवराव पेशवा, त्याची रमा, आणि घरातच धुमसणारा राघोबादादांचा कलह हे चित्र देसाईंनी इतक्या हळुवारपणे रंगवले की पेशवाईचे राजकारण प्रथमच माजघरातून पाहिल्यासारखे वाटले. ‘श्रीमान योगी’ १९६८ ची, शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची, गो. नी. दांडेकरांनी आपली गडकिल्ल्यांवरील भक्ती शिवकालावरील कादंबऱ्यांच्या मालेत ओतली. या सर्व कृतींत थोर पुरुष मध्यभागी आला आणि अनामिक मनुष्य मुजऱ्यापुरता उरला. भाषेला भरजरी डौल आला. पण हा डौल सर्व पात्रांना सारखाच वाटला गेल्यामुळे खिदमतगारही कारभाऱ्याच्याच भाषेत बोलू लागला.

या पिढीत ना. सं. इनामदार यांचे स्थान मला सर्वांत निराळे आणि अधिक मोलाचे वाटते. इतिहासाने ज्यांच्या कपाळी कलंक लावून ठेवला अशी माणसे त्यांनी निवडली: ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव, ‘शिकस्त’मध्ये पानिपतानंतर पतीची वाट पाहत राहिलेली पार्वतीबाई. दफ्तरात ज्याच्याविरुद्ध कागद पडले आहेत त्याचे म्हणणे ऐकून घेणे हे न्यायाधीशाचे काम त्यांनी कादंबरीकडून करून घेतले. पुढे १९८८ साली विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने हा न्याय एका संपूर्ण फौजेला दिला, सदाशिवरावभाऊ तिच्या मध्यभागी असले तरी वाचून झाल्यावर मनात घर करून राहते ती यमुनेच्या काठी अडकलेल्या छावणीची उपासमार, दाणावैरणीची ओढाताण, फौजेबरोबर निघालेल्या यात्रेकरूंची आणि बायकामुलांची परवड. पत्रव्यवहार, अंतरे, पाणवठे, धान्याचे भाव यांचा असा बारीक विचार मराठी कादंबरीत पूर्वी झाला नव्हता.

येथे एका विवादाचा उल्लेख टाळता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’वर आधारलेला हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि कादंबरी प्रसिद्ध होऊन सेहेचाळीस वर्षे लोटल्यावर तिच्यावर पुन्हा वाचकांच्या उड्या पडल्या; त्याच वेळी शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला आक्षेप घेतला. कादंबरीतील वाक्य लोकांच्या मनात इतिहासाच्या जागी जाऊन बसते, हे या प्रसंगाने पुन्हा सिद्ध झाले. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य असले पाहिजे याविषयी माझ्या मनात संदेह नाही, परंतु हे स्वातंत्र्य कागद जिथे मुका होतो तिथून सुरू होते. कागद जिथे स्पष्ट बोलतो तिथे त्याच्या तोंडावर हात ठेवण्याचा अधिकार लेखकाला पोहोचत नाही. आणि जिथे कागदच परस्परविरुद्ध साक्ष देतात तिथे त्या साक्षींतील विरोध कथेत आणणे हेच खरे कौशल्य होय.

अलीकडच्या काळात हे कौशल्य ज्यांनी दाखवले त्यांत नंदा खरे यांचे नाव मी प्रथम घेईन. १९९७ च्या ‘अंताजीची बखर’ आणि २०१० च्या ‘बखर अंतकाळाची’ या दोन कादंबऱ्यांत त्यांनी सांगणारा निवडला तो कोणी सरदार नव्हे. अंताजी हा बातम्या काढणारा, कागद लिहिणारा, पोटासाठी धन्याच्या मागे फिरणारा मनुष्य, आणि मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांत जी लूट आणि होरपळ झाली ती त्याच्या तोंडून ऐकताना विजयाच्या वर्णनांना सरावलेला मराठी वाचक अस्वस्थ होतो. स्कॉटचा तो कडेला उभा असलेला मनुष्य अशा रीतीने मराठीत पुन्हा मध्यभागी आला. रंगनाथ पठारे यांनी २०१९ च्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये एका मराठा कुळाच्या निरनिराळ्या पिढ्यांतील पुरुषांच्या द्वारा देवगिरीच्या यादवकाळापासून आजवरचा पट मांडला, राज्ये येतात आणि जातात, पण पाटीलकी करणारा, शेत कसणारा, प्रसंगी चाकरी बदलणारा मनुष्य टिकून राहतो, हे त्या विशाल ग्रंथाचे सूत्र आहे. स्वतः विश्वास पाटील २०२२ पासून ‘महासम्राट’ या मालेने शिवचरित्राकडे वळले असून ‘झंझावात’ आणि ‘रणखैंदळ’ हे तिचे खंड प्रसिद्ध झाले आहेत. म्हणजे थोर पुरुषाचे महाचरित्र आणि अनामिकाची बखर हे दोन प्रवाह आज मराठीत समांतर वाहत आहेत, आणि वाचकसंख्या पहिल्याकडे अधिक आहे.

गोमंतकाच्या भूमीवरची खरी मोठी कादंबरी मात्र महाबळेश्वर सैल यांनी दिली. ‘हावठण’ या कोंकणी कादंबरीसाठी २०१६ चा सरस्वती सन्मान मिळालेले सैल ‘तांडव’मध्ये सोळाव्या शतकातील धर्मांतराच्या काळाकडे गेले आणि आदोळशी नावाचे एक गाव उभे करून, तेथील देऊळ, शेत, जातींची उतरंड, नात्यागोत्यांची वीण, आणि नव्या सत्तेच्या आघाताने ती वीण कशी उसवत जाते, हे त्यांनी एकेका घराच्या उंबरठ्यावरून दाखवले. गोव्यातील इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, १५६० साली सुरू झाले आणि मधला अल्प खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. त्याच्या दफ्तराचा फार मोठा भाग नष्ट करण्यात आला, आणि अनंत काकबा प्रियोळकरांसारख्या संशोधकाला १९६१ च्या आपल्या ग्रंथात चार्ल्स देलाँ या फ्रेंच कैद्याच्या सतराव्या शतकातील वृत्तांतासारख्या बाहेरच्या साक्षींचा आधार घ्यावा लागला. जिथे पीडितांचे जबाबच जळून गेले तिथे कादंबरीकाराचे काम किती जोखमीचे आणि किती आवश्यक असते, हे ‘तांडव’ वाचताना पदोपदी जाणवते. कोण धर्म बदलून राहिले आणि कोण दैवते डोक्यावर घेऊन नदी ओलांडून गेले, या दोघांविषयीही सैल यांची लेखणी सारखीच सहृदय राहते.

ती नदी ओलांडून येणारे जिथे आले तो मुलूख म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा. पोर्तुगिजांच्या भाषेत नव्या काबिजादी, कारण त्या त्यांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कायमच्या आल्या. दिवाडीवरून हलवलेला सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे स्थिरावला, आणि १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याच्या देवालयाच्या उभारणीस प्रारंभ झाल्याचा शिलालेख तेथे आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याचा मुक्काम संभाजीराजांच्या आश्रयाने काही काळ याच डिचोली परिसरात होता. तेथील नमाजगाह ही वास्तू त्याच्याशीच निगडित मानली जाते. १६८३ साली पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्हॉर, म्हणजे फ्रांसिश्कु द ताव्हॉरा, याने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजीराजे स्वतः धावून आल्यावर त्याला माघार घ्यावी लागली. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेट काबीज केले. राजधानीत असा हाहाकार उडाला की विजरईने आपला अधिकारदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेपाशी नेऊन ठेवला आणि शहराचे रक्षण त्या संताच्या हवाली केले. शेवटी रामघाट उतरून आलेल्या शहाआलमच्या मोगल फौजेमुळे राजांना मोहीम आवरावी लागली, आणि त्या फौजेने जाता-येता डिचोलीचा मुलूख उद्ध्वस्त केला. शिवाजी सावंत आणि विश्वास पाटील या दोघांच्याही संभाजीराजांवरील कादंबऱ्यांत गोव्याची ही मोहीम आली आहे, ती राजांच्या पराक्रमाचे पर्व म्हणून, आणि तशी ती येणे योग्यच आहे. परंतु मराठे, पोर्तुगीज, मोगल शहजादा अकबर आणि त्याच्या पाठलागावर आलेला त्याचाच भाऊ शहाआलम, शिवाय विजरईच्या वतीने बोलणी करण्यासाठी पाठवलेला निकोलाव मनुची हा व्हेनिसचा भटका वैद्य आणि वृत्तांतकार, एवढी मंडळी एका हिवाळ्यात दहा-बारा कोसांच्या परिघात वावरत असताना ज्यांच्या भाताच्या मळण्या अडल्या त्यांच्या बाजूने पाहिले, तर केवढी कथा तेथे पडून आहे!

आणि आता ज्या वृत्ताने मला या लेखास प्रवृत्त केले ते सांगतो. ५ मे १७४६ रोजी, म्हणजे स्कॉटच्या त्या बंडाचा कलोडनवर शेवट झाल्याला महिनाही उलटला नव्हता तेव्हा, शापोरा नदीच्या काठचा हळर्णचा किल्ला विजरई दों पेद्रू मिगेल द आल्मैदा इ पुर्तुगाल याने वाडीकर सावंतांकडून जिंकला. त्याच वर्षी तेरेखोल आणि रेडीचे किल्लेही त्याने घेतले. या विजयाची लिस्बनला इतकी महती वाटली की राजाने त्याला मार्केझ द आलोर्ना, म्हणजे हळर्णचा मार्क्विस, असा किताब बहाल केला. पुढे हा मुलूख पुन्हा सावंतांकडे गेला, आणि कोल्हापूरकरांविरुद्ध मदतीच्या मोबदल्यात खेम सावंतांनी १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगिजांना दिला तो कायमचा. पण किताब त्या घराण्यात राहिला. हा विजरई कोण? हिंदुस्थानात येण्यापूर्वी १७१७ ते १७२१ या काळात तो कोंद द आसुमार या नावाने ब्राझीलच्या सुवर्णप्रांताचा गव्हर्नर होता आणि १७२० सालचे व्हिला रिका येथील बंड त्याने निर्दयपणे मोडले होते. त्याच्यानंतर १७५० साली विजरई होऊन आला फ्रांसिश्कु द आसिश द ताव्हॉरा, संभाजीराजांशी झुंजलेल्या त्या कोंद द आल्व्हॉरचा नातू. आल्मैदाच्या मुलाचे लग्न या ताव्हॉराच्या मुलीशी झाले. लिस्बनला परतल्यावर राजावरील प्राणघातक हल्ल्याचा आरोप ताव्हॉरा घराण्यावर आला आणि १३ जानेवारी १७५९ रोजी माजी विजरई आणि त्याची पत्नी यांचा जाहीर वध करण्यात आला. जावई तुरुंगात गेला, मुलगी आणि नाती मठात कोंडल्या गेल्या. त्या नातींपैकी थोरली लिओनोर तेव्हा आठ वर्षांची होती. शेलशच्या मठात अठरा वर्षे काढून १७७७ साली ती बाहेर आली, ‘आल्सीप’ या नावाने पोर्तुगीज काव्यात कीर्तिमान झाली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तिच्याकडे आला तो किताब होता मार्केझा द आलोर्ना. पोर्तुगीज वाङ्मयाच्या इतिहासात ती आजही याच नावाने ओळखली जाते: हळर्णची मार्क्विसबाई, जिने हळर्ण कधीही पाहिले नाही.

मारिया तेरेझा ओर्ता या विख्यात पोर्तुगीज लेखिकेने, जी स्वतः लिओनोरची वंशज होती आणि २०२५ साली निधन पावली, २०११ मध्ये तिच्यावर ‘आश लूझिश द लिओनोर’ ही प्रचंड कादंबरी प्रसिद्ध केली. त्याआधी, १९८२ साली, जुझे सारामागू यांनी ‘मेमोरियाल दु कोंव्हेंतु’ लिहिली, जिने त्यांना जगभर नेले आणि १९९८ च्या नोबेल पारितोषिकाची वाट मोकळी केली. तिचा काळ दों जुआंव पाचव्या राजाचा, म्हणजे ज्याच्या आज्ञेने हळर्णवर तोफा डागल्या गेल्या त्याचाच. माफ्रा येथील ज्या राजेशाही मठाचे बांधकाम तीत येते तो १७१७ साली, ब्राझीलच्या सोन्याच्या बळावर, सुरू झाला. सारामागूंनी राजाला कडेला सारले, एक हात गमावलेला शिपाई आणि अतींद्रिय दृष्टीची एक गरीब स्त्री यांना मध्यभागी आणले, आणि दगड वाहता वाहता मेलेल्या मजुरांची नावे, निदान वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराला एक याप्रमाणे, कथेत नोंदवून ठेवली. जेत्यांच्या देशाने आपल्या त्या राजवटीची झडती कादंबरीतून अशी घेतली आहे. साखळीचे दुसरे टोक आपल्या हातात आहे. हळर्णच्या तटावर त्या दिवशी जे उभे होते ते सावंतांचे शिलेदार, बारगीर, गोलंदाज; ज्यांनी धान्य पोहोचवले ते आसपासच्या गावांतले कुणबी; ज्यांनी होडी वल्हवली ते तारी, जे धनी बदलले तरी त्याच नदीवर जगत राहिले. त्यांच्या बाजूची कादंबरी मराठीत यावी, किंवा कोंकणीत यावी, अशी माझी तीव्र इच्छा आहे.

ती लिहिण्यासाठी साहित्य नाही असे कोणी म्हणू नये. पोर्तुगिजांनी १५९५ साली दियोगु दु कोउतु या इतिहासकाराच्या हाती गोव्याचे दफ्तर सोपवले, आणि त्या परंपरेतील पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बनशी चाललेल्या पत्रव्यवहाराच्या ‘मान्सून’ नावाच्या बाडांपासून शेजारच्या राजांशी झालेल्या खलित्यांच्या पुस्तकांपर्यंत अफाट सामग्री आहे. त्या दफ्तराची किल्ली ज्यांनी मराठी संशोधकांच्या हाती दिली ते पांडुरंग पिसुर्लेकर डिचोली महालातील पिळगावचे. सुमारे तीस वर्षे त्यांनी ते सांभाळले, आणि त्यांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथावाचून या विषयात कोणाचेच पाऊल पुढे पडत नाही. शणै गोंयबाबही डिचोलीचेच. आल्बुकेर्कने गोवा कसा जिंकला याची कहाणी त्यांनी कोंकणी गद्यात ज्या जिवंतपणे सांगितली तिच्यापासून आजच्या कथाकाराला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. याशिवाय देवस्थानांचे मोडी कागद, गावऱ्हाटीतील मानपानांच्या नोंदी, देशप्रभूंसारख्या घराण्यांच्या परंपरा, आणि गावागावांत अजून सांगितल्या जाणाऱ्या कथा. अडचण अशी की मोडी वाचणारा पोर्तुगीज वाचीत नाही आणि पोर्तुगीज वाचणारा मोडी वाचीत नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवले जाते. तेथून बाहेर पडणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या तरुणांपैकी दोघा-चौघांनी जरी मोडीचा अभ्यास केला तरी ही अडचण एका पिढीत दूर होईल.

विलंब मात्र परवडणारा नाही. मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आहेत, मांद्र्याच्या किनाऱ्यावरील जमिनींचे धनी झपाट्याने बदलत आहेत, आणि जुनी घरे पाडताना माळ्यावरचे रुमाल सोडूनही न पाहता टाकून दिले जात आहेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते पणजीच्या पुराभिलेखागारात दाखवून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात. आणि प्रकाशकांना माझी विनंती अशी की लिओनोरवरील ओर्ताबाईंच्या कादंबरीचा मराठी अनुवाद, पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीयाकडून, मूळ भाषेवरून करवून घ्यावा. आणि त्याला जोडून हळर्णच्या १७४६ च्या लढ्याविषयी दोन्ही बाजूंच्या कागदांवर आधारलेले सविस्तर टिपण द्यावे, म्हणजे पुढच्या कादंबरीकाराला कामाला लागण्यापुरती सामग्री एका ठिकाणी मिळेल.